कमी प्रदूषणाच्या वाहनांना कारपूल लेनची सवलत

कमी प्रदूषणाच्या वाहनांना कारपूल लेनची सवलत : दोन, तीन किंवा अधिक माणसे बसलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या महामार्गाच्या लेनमधून वीज, सीएनजी किंवा हायड्रोजनवर चालणारी, अथवा हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) गाडी एकट्या चालकालाही नेता यावी, अशी वाहतूक-नियमांतील तरतूद. तिचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी तो संपला. नागपुरात कारपूल लेन नाही. मात्र विजेच्या गाड्यांना सवलती देण्याचे राज्याचे धोरण, वर्धा रोडवरची गर्दी आणि शहरात रोज निघणाऱ्या दुचाकी यांमुळे या प्रयोगाचे धडे नागपूरला लागू पडतात.

कारपूल लेनचा हिशेब गाड्यांचा नसून माणसांचा असतो. चार जण चार गाड्यांतून निघण्याऐवजी एका गाडीतून निघाले, तर तेवढ्याच रस्त्यावरून चौपट माणसे जातात. त्यांनी स्वतःची गाडी घरी ठेवावी म्हणून त्यांना मोकळी लेन द्यायची, म्हणजे वेळ बक्षीस द्यायचा. अमेरिकेत या लेनवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची पांढरी खूण रंगवलेली असते. व्हर्जिनियातील शर्ली महामार्गावर १९६९ मध्ये बसगाड्यांसाठी वेगळा मार्ग सुरू झाला आणि १९७३ मध्ये चार माणसे बसलेल्या मोटारींनाही तो खुला झाला. लॉस एंजेलिसमध्ये १९७६ साली सांता मोनिका महामार्गावरची चालू लेन काढून घेऊन ती तीन माणसांच्या गाड्यांना दिली गेली. लोकांचा संताप इतका झाला की २१ आठवड्यांत न्यायालयाच्या आदेशाने प्रयोग थांबला. त्यानंतर कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी रस्ता रुंद करून नवी लेनच राखीव केली गेली. जुन्या रस्त्यातून लेन काढणे आणि नवी लेन बांधून देणे यांतला हा फरक आपल्याकडच्या कोणत्याही योजनेत आधी पाहावा लागेल.

कमी प्रदूषणाची गाडी या व्यवस्थेत आली ती हवेच्या प्रश्नामुळे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून विजेच्या व सीएनजीच्या गाड्यांना पांढरे स्टिकर लावून एकट्याने कारपूल लेन वापरण्याची मुभा दिली. तेव्हा अशा गाड्या मोजक्याच होत्या, त्यामुळे कोणाला त्रास झाला नाही. पेच २००४ च्या कायद्याने आला. गॅलनमागे ४५ मैल धावणाऱ्या हायब्रीड गाड्यांनाही सवलत मिळाली. ऑगस्ट २००५ मध्ये केंद्रीय कायद्याने तिला वाट करून दिली. पिवळ्या स्टिकरांची मर्यादा आधी ७५ हजार ठेवली, मग ८५ हजार केली, आणि २००७ च्या सुरुवातीलाच सगळे स्टिकर संपले. टोयोटाची हायब्रीड मोटार प्रियस जुनी म्हणून विकताना तिच्यावर स्टिकर आहे की नाही यावर भाव ठरू लागला. सार्वजनिक रस्त्यावरचा हक्क बंपरवर चिकटून बाजारात विकला जात होता आणि त्याची किंमत सरकारी तिजोरीत जात नव्हती.

पिवळ्या स्टिकरांची मुदत १ जुलै २०११ रोजी संपवण्यात आली. २०१२ पासून प्लग-इन हायब्रीडसाठी, म्हणजे बॅटरी बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रीडसाठी, हिरवे स्टिकर आले. त्यांची ४० हजारांची मर्यादा टप्प्याटप्प्याने ८५ हजारांवर गेली. २०१९ पासून दर काही काळाने रंग बदलू लागला, म्हणजे कोणत्या स्टिकरची मुदत कधी संपते हे रस्त्यावरच्या पोलिसाला दुरूनच कळावे. स्टिकर नसताना एकट्याने लेनमध्ये घुसणाऱ्याला किमान ४९० डॉलर दंड होता. उत्पन्नाची वरची मर्यादाही पुढे आली. महागड्या गाड्या घेणाऱ्यांनाच सवलतीचा लाभ होतो ही तक्रार खरी होती.

अडचण मोजण्यासाठी अमेरिकी केंद्रीय कायद्यात एक कसोटी आहे. गर्दीच्या वेळेत लेनमधला सरासरी वेग १८० दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त वेळा ताशी ४५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरच्या खाली गेला, तर ती लेन ढासळली असे धरले जाते आणि राज्याला उपाय करावा लागतो. कॅलिफोर्नियातील अनेक लेन या कसोटीत नापास झाल्या. सवलत जितकी यशस्वी, तितकी ती स्वतःच्या मुळावर येते, कारण लेनची जागा वाढत नाही. पैशाची सबसिडी अर्थसंकल्पात वाढवता येते, डांबर ताणून लांब करता येत नाही.

तरीही स्टिकर काढून घेतले की प्रश्न सुटतो असे नाही. २०११ मध्ये हायब्रीड गाड्या बाहेर काढल्यावर बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना उलटेच आढळले. शेजारच्या लेन अधिक तुंबल्या, तिथून सरकणाऱ्या गाड्यांशेजारून भरधाव जायला कारपूल लेनमधले चालक कचरले आणि त्या लेनचाही वेग उतरला. लेन शेजारच्या गर्दीपासून भिंतीने तोडलेली नसेल, तर तिचा वेग शेजारची गर्दीच ठरवते.

हवेच्या दृष्टीनेही बक्षिसाची जागा थोडी चुकलेलीच होती. प्रियससारखी हायब्रीड गाडी थांबत-थांबत चालताना सर्वांत किफायतशीर असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते. मोकळ्या महामार्गावर तिचा हा फायदा घटतो. विजेची गाडी सिग्नलला उभी असताना धूर सोडतच नाही. म्हणजे कोंडीत राहूनही हवा न बिघडवणाऱ्या गाड्यांना कोंडीतून बाहेर काढले आणि इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या पेट्रोल गाड्या मागे ठेवल्या.

नॉर्वेने २००३ मध्ये ओस्लो परिसरात आणि २००५ पासून देशभर विजेच्या गाड्यांना बसच्या लेनमध्ये येऊ दिले. गाड्या वाढल्या आणि ओस्लोच्या पश्चिमेकडील ई-१८ रस्त्यावर बस अडकू लागल्या. २०१५ मध्ये तिथे गर्दीच्या वेळी विजेच्या गाडीतही चालकासोबत किमान एक प्रवासी हवा, असा नियम झाला. म्हणजे फिरून माणसे मोजण्याकडेच यावे लागले. कॅनडातील ऑन्टारिओने स्टिकरऐवजी हिरव्या नंबर प्लेटचा मार्ग घेतला. माणसे मोजण्यातही पळवाटा असतात : जकार्तात तीन माणसांच्या गाड्यांनाच सोडण्याचा नियम १९९२ ते २०१६ चालला, तेव्हा रस्त्याकडेला पैसे घेऊन गाडीत बसणारे लोक उभे असत.

भारतात या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारा अनुभव दिल्लीचा. नंबर प्लेटचा शेवटचा अंक सम की विषम यावरून दिवसाआड मोटारी सोडण्याच्या जानेवारी २०१६ मधील सम-विषम योजनेत सीएनजीच्या मोटारींना स्टिकर लावून मुभा होती. नोव्हेंबर २०१९ च्या फेरीत सीएनजीच्या खासगी गाड्यांची मुभा काढून घेतली गेली. दुचाकींना दोन्ही वेळी सूट होती, आणि नागपूरचा विचार करताना नेमकी हीच सूट महत्त्वाची ठरते.

अमेरिकेत मोटारसायकलला एकट्या स्वारासह कारपूल लेन खुली असते, कारण तिथे मोटारसायकली थोड्या. तोच नियम नागपुरात आणला, तर सकाळी दहाला राखीव लेन दुचाकींनीच भरून जाईल. दुचाकी बाहेर ठेवल्या, तर अजनीहून मिहानला किंवा सीताबर्डीहून हिंगणा एमआयडीसीला दुचाकीवर जाणारा कामगार तुंबलेल्या लेनमध्ये आणि एकट्या माणसाची विजेची मोटार मोकळ्या लेनमध्ये, असे चित्र होईल. हे चित्र अन्यायाचे आहे. शेअर ऑटोत दाटीवाटीने बसणारे नागपूरकर कारपूल कित्येक वर्षे करत आले आहेत. लेनवर पहिला हक्क त्यांचा आणि ‘आपली बस’ या शहर बससेवेतल्या प्रवाशांचा मानायला हवा. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. सर्वांत वर मेट्रो, मधल्या मजल्यावर उड्डाणपूल आणि खाली जुना रस्ता. इतके बांधल्यावर तिथे नवी लेन काढायला जागा उरलेली नाही, आणि चालू लेन काढून घेतल्यास सांता मोनिकाचाच अनुभव येईल.

विजेच्या गाड्यांशी या शहराचे नाते मात्र जुने आहे. मे २०१७ मध्ये टॅक्सी, ई-रिक्षा आणि बस अशा विविध वाहनांचा देशातील पहिला एकत्रित प्रयोग इथेच सुरू झाला, महिंद्रा आणि ओला यांच्या सहभागाने. लेन राखून द्यायचीच ठरली, तर ओळखीची सोयही तयार आहे. २०१८ पासून देशभर विजेच्या वाहनांना हिरवी नंबर प्लेट असते. खासगी गाडीवर पांढरी अक्षरे, व्यावसायिक गाडीवर पिवळी. कायदेशीर आधारही आहे : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करू शकते. मात्र हिरवी प्लेट म्हणजे धूर नाही, असे नागपुरात सरळ म्हणता येत नाही. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रे शहराच्या वेशीवर आहेत. गाडीच्या नळीतला धूर शहराच्या चौकातून नाहीसा होतो, हे खरेच मोठे सुख आहे. पण वीज कोळशाची असेल तर राखेचा वाटा कोराडीच्या आसपासच्या गावांना मिळतो.

महाराष्ट्राने रस्त्याची जागा देण्याऐवजी पैशाची सवलत निवडली आहे. २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात विजेच्या चारचाकींना आणि बसना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे टोलमाफी आहे. यांतील ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरपासून सुरू होतो. टोल भरणारा आणि न भरणारा तिथे एकाच लेनने जातात, त्यामुळे एकाला मिळालेली सूट दुसऱ्याचा वेळ खात नाही. या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे.