शंभर माणसं आणि एक दगड

चौकात शंभर माणसं जमली आहेत. प्रत्येकाच्या मनात एक आकडा आहे: किती जणांनी दगड उचलला की मीही उचलेन. पहिल्याचा आकडा शून्य, त्याला कुणाची सोबत लागत नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्व्याण्णव. पहिला दगड भिरकावतो. त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरच्या शंभर जण दंगलीत उतरतात.

आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याचा आकडा एकाऐवजी दोन करा. पहिला दगड मारतो, वळून बघतो, तर मागे कुणीच नाही. दंगल तिथेच संपते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली मांडलेलं हे गणित मला फार मोलाचं वाटतं. दंगल झाली की आपण ‘लोकच हिंसक’ म्हणतो, नाही झाली तर ‘लोक समंजस’. इथे तर नव्व्याण्णव माणसं तीच आहेत. आकड्यांची सरासरी ४९.५० वरून ४९.५१ झाली, एवढाच काय तो फरक! एकेकाला गाठून कितीही बारकाईनं मुलाखती घेतल्या, तरी दंगल होणार की नाही हे त्यातून कळणार नाही. कोण कुणाला पाहतंय, हेही पाहावं लागतं.

मेंदू उलगडला की माणूस कळेल, ही आशाही अपुरी आहे. एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही तो कृमी पुढच्या क्षणी काय करेल, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही, कारण त्याच जोडण्या शरीरातल्या रसायनांनुसार वेगवेगळ्या वागतात. आपल्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी, आणि भोवती तसेच आणखी मेंदू. इथे चेताविज्ञानाला समाजशास्त्राची गरज पडते, आणि दोघांना गणिताची.

कधी भौतिकशास्त्राचीही. २००० साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी नाट्यगृहांतल्या टाळ्या ध्वनिमुद्रित करून तपासल्या. आधी नुसताच कडकडाट असतो. मग प्रेक्षक आपापला वेग जवळपास निम्म्यावर आणतात आणि सगळ्यांचा ठेका जुळतो. पण सावकाश वाजवल्यानं एकूण आवाज मात्र उतरतो. दाद कमी पडतेय असं वाटून हात पुन्हा भराभर चालू लागतात आणि ठेका विस्कटतो. तो मोडावा, असं सभागृहात कुणाच्याही मनात नसतं.