शस्त्र परवाना नाकारला किंवा रद्द झाला, तर अपील कसे करावे

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांना आणि मुंबई, पुण्यासारख्या आयुक्तालयांत पोलीस आयुक्तांना असतो. हा अधिकार मोठा असला तरी अनिर्बंध नाही. कलम १८ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, तर पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे, म्हणजे गृह विभागाकडे, अपील करता येते. मूळ आदेश शासनाने स्वतः किंवा शासनाच्या निर्देशावरून दिलेला असेल, तर मात्र अपील चालत नाही.

ज्याचा अर्ज नाकारला गेला किंवा ज्याचा परवाना निलंबित अथवा रद्द झाला, अशी कोणतीही व्यक्ती आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील दाखल करू शकते. उशिराचे सबळ कारण पटवून दिल्यास तो माफ होऊ शकतो. पण त्यावर विसंबून राहू नये.

सर्वांत आधी नकाराची कारणे लेखी मागावीत. कलम १४ नुसार प्राधिकाऱ्याला कारणे नोंदवावीच लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास, लोकहिताची अडचण नसेल तर, त्यांचे संक्षिप्त निवेदन द्यावे लागते. अनेक जण ही मागणी न करताच अपिलात स्वतःच्या गरजेचे वर्णन करत राहतात आणि ज्या मुद्द्यावर नकार मिळाला तो अनुत्तरित राहतो, हे मला फार खटकते. ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ असे कारण असून अहवालात जुन्या गुन्ह्याचा उल्लेख असेल, तर त्या खटल्यातील निर्दोष मुक्ततेच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही याच कलमात आहे.

अपील अर्जासोबत मूळ आदेशाची प्रत, मिळाले असल्यास कारणांचे निवेदन, विहित शुल्क भरल्याची पावती, मूळ अर्जाची प्रत, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि वकील नेमल्यास वकालतनामा जोडावा. आवक शिक्क्याची पोच जपून ठेवावी. निर्णयापूर्वी म्हणणे मांडण्याची वाजवी संधी मिळणे हा अपीलकर्त्याचा हक्क आहे.

अपील दाखल केल्याने मूळ आदेश आपोआप थांबत नाही. स्थगिती मिळालेली नसेल, तर परवाना रद्द झालेल्या व्यक्तीने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. ते घरी ठेवल्यास विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. अपिलावरील निर्णय अंतिम असतो आणि त्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.