दिल्लीला इकॉनॉमिक्स करायचंय? फॉर्मला येण्याआधी एवढं वाचा

हिंदू, श्रीराम, स्टीफन्स ही कॉलेजांची नावं मुलांना पाठ असतात. बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला कोणते पेपर लागतात, हे मात्र आमच्या फॉर्म भरायच्या दुकानात रोज काउंटरवर सांगावं लागतं. म्हणून हा कागद.

दिल्ली विद्यापीठात 2022 पासून प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावी पास व्हावंच लागतं, पण तिथले टक्के दोघांचे गुण सारखे झाले तरच कामी येतात.

पेपर चार: एक भाषा, गणित आणि यादीतले आणखी दोन विषय. यात गणित सक्तीचं आहे. इकॉनॉमिक्सचा पेपर सक्तीचा नाही! सगळा घोळ इथेच होतो. 'आर्ट्सचाच कोर्स, गणित कशाला' म्हणून मुलं इंग्रजी, अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास टिक करतात. पेपर छान जातात आणि जुलैत, घरची मंडळी लावणीत असताना, विद्यापीठाच्या पोर्टलवर ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी अपात्र ठरतात. तेव्हा आमच्याकडे येऊन उपयोग नसतो. सीयूईटीच्या दुरुस्तीची मुदत मोजक्या दिवसांची, ती कधीच संपलेली असते.

बारावीला गणित नसताना नुसतं सीयूईटीला देऊनही भागत नाही. म्हणून आम्ही आधी अकरावीची मार्कशीट बघतो, मगच फॉर्म उघडतो. काहींना ही कटकट वाटते. पण गणित सोडलेलं असेल तर या कोर्ससाठी आम्ही पैसेच घेत नाही.

2025 च्या पद्धतीनुसार प्रत्येक पेपरला 50 प्रश्न, बरोबरला 5, चुकीला वजा 1. चार पेपरचे मिळून 1000. गणितात पहिले 15 प्रश्न सर्वांना समान, पुढचे 35 मॅथेमॅटिक्सचे किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्सचे. बारावीला सायन्सचं गणित (विषय कोड 40) असलेल्यांना मॅथेमॅटिक्सचा भाग सोयीचा, कॉमर्सच्या गणितवाल्यांनी (कोड 88) अप्लाइडचा अभ्यासक्रम आधी चाळावा. कॉमर्सच्या एसपीचा (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) पेपर सीयूईटीत नाही, तो विषय मोजू नका.

मोबाइल नंबर हातातल्या फोनचा द्या. बाबांचा नंबर दिला की ओटीपी बोरिवलीला जातो आणि बाबा लोकलमध्ये असतात. दुकानाचा नंबर आम्ही कुणालाच देत नाही. पुढचे सगळे निरोप फॉर्मवरच्या नंबरवरच येतात.

ओबीसीवाल्यांनो, राज्याचं तीन वर्षांचं नॉन क्रिमीलेअर तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, त्या वर्षीच्या 31 मार्चनंतरचं लागतं. त्याचा अर्ज एप्रिलमध्येच टाका.

सीयूईटी दिली की काम संपलं असं नाही. विद्यापीठाची नोंदणी वेगळी, फीही वेगळी. पसंतीक्रमात हवं ते कॉलेज सर्वांत वर टाका, मिळेलसं वाटणारं खाली. वर टाकल्याने खालचं हुकत नाही. मात्र जागा मिळाली की मुदतीत स्वीकारा. गप्प बसलात तर पुढच्या फेरीतूनही बाहेर.

2025 ला सीयूईटीचे फॉर्म मार्चमध्ये, ऐन शिमग्यात होते. पालखी नाचवायला जा, पण फॉर्म भरून जा. शेवटच्या दिवशी सर्व्हर आणि वीज दोन्ही रुसतात. येताना दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि अकरावीची मार्कशीट आणा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असेल तर तसं आल्याआल्या सांगा. विषय निवडीचा सल्ला फुकट आहे, फॉर्म कुठेही भरा.