क्रुसाची वाट : चौदा स्थाने आली कुठून?

चर्चच्या भिंतींवर ओळीने चौदा चित्रे, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या, क्रुसावरच्या मरणापर्यंतच्या प्रसंगांची; प्रत्येकावर एक लाकडी क्रूस. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी भाविक एका स्थानापासून दुसऱ्या स्थानाकडे जातात, गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात. हा क्रम पहिल्या शतकापासून असाच चालत आला असेल, असे सहज वाटते. पण चौदा हा आकडा पक्का झाला तो १७३१ साली.

सुरुवात अर्थातच जेरुसलेमची. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने पवित्र आठवड्यातल्या मिरवणुकांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात ठरावीक स्थाने मात्र नाहीत. पुढे १३४२ मध्ये तिथल्या पवित्र स्थळांची राखण पोपनी फ्रान्सिस्कनांकडे, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या संन्याशांकडे सोपवली आणि यात्रेकरूंना वाट दाखवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. विल्यम वे हा इंग्रज १४५८ आणि १४६२ मध्ये जाऊन आला. त्याच्या काळी यात्रेकरू कालवारीपासून, म्हणजे येशूला क्रुसावर दिले त्या टेकडीपासून उलटे, त्याला शिक्षा सुनावणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्याकडे चालत. आज ऐकताना हे नवल वाटते.

पण जेरुसलेमला पोचणे किती जणांना शक्य होते? समुद्रप्रवास, खर्च, वाटेतली संकटे. ज्यांना जाता येत नव्हते, त्यांच्या ओढीतूनच ही भक्ती वाढली, असे मला मनापासून वाटते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ डॉमिनिकन धर्मगुरू आल्वारो यांनी पवित्र भूमीहून परतल्यावर दुःखसहनाची दृश्ये असलेली छोटी प्रार्थनास्थळे उभारली. न्यूरेंबर्गमध्ये शिल्पकार आडाम क्राफ्टने सात स्थाने दगडात कोरली. कुठे सात, कुठे बारा, असे आकडे बदलत राहिले. येशूचे तीनदा पडणे आणि रुमालाने त्याचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकाची भेट शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत नाही. ती लोकभक्तीने जपलेली आहेत. क्रूस वाहायला मदत करणारा कुरेनेकर शिमोन मात्र शुभवर्तमानांतलाच.

गंमत अशी की, युरोपात रुळलेला हा क्रम यात्रेकरूंबरोबर जेरुसलेमला परत गेला. तिथल्या व्हिया डोलोरोसावरची, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला असे मानतात त्या रस्त्यावरची स्थाने आज जशी दिसतात, त्यांवर या घरच्या भक्तीचा मोठा ठसा आहे.

चर्चमान्यता टप्प्याटप्प्याने मिळाली. १६८६ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी फ्रान्सिस्कनांना आपल्या चर्चमध्ये स्थाने उभारण्याची मुभा दिली; जेरुसलेमच्या यात्रेने मिळणारी दंडमाफी (पापांसाठी भोगायच्या शिक्षेतली सूट) त्यांना इथेही मिळू लागली. १७२६ मध्ये ती सर्व भाविकांना खुली झाली. १७३१ मध्ये क्लेमेंट बारावे यांनी सर्वच चर्चमध्ये स्थाने उभारायला परवानगी दिली आणि त्यांचा आकडा चौदा ठरवला. पोर्ट मॉरिसचे संत लिओनार्ड यांनी पुढच्या वीस वर्षांत ५७२ ठिकाणी ती उभारली. त्यांतलेच एक १७५० सालचे, रोमच्या कोलोसियममधले.

त्याच कोलोसियममध्ये १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी गुड फ्रायडेची क्रुसाची वाट पुन्हा सुरू केली. १९९१ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी तिथे पूर्णपणे शुभवर्तमानांवर आधारलेली चौदा स्थाने वापरली. त्यात गेथसेमनी बागेतली येशूची प्रार्थना, शिष्य पेत्राने त्याला ओळखण्यास दिलेला नकार, शेजारच्या क्रुसावरचा पश्चात्तापी चोर हे प्रसंग आले आणि वेरोनिका गळली. भिंतीवरच्या जुन्या चौदांत मात्र ती अजून सहाव्या स्थानी, रुमाल घेऊन उभी आहे.