वळलेले फोटो सपाट करणे

डार्करूममध्ये छापलेला कृष्णधवल फोटो वाळताना वळतो, जुना झाल्यावर तर त्याची सुरळीच होते. चित्राला धक्का न लावता तो पुन्हा सपाट करण्याची ही क्रिया. अडचण मुख्यतः फायबर कागदाची. या कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि त्यावर चांदीचे कण धरून ठेवणारे जिलेटिन असते. सुकताना जिलेटिन कागदापेक्षा जास्त आकसते, म्हणून फोटो चित्राच्या बाजूला वळतो. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा लेप असलेला आरसी कागद असा फारसा वळत नाही.

कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली (१९३३ मध्ये ती पुण्याला गेली). सिनेमा आणि कुस्ती या गावाच्या दोन्ही नादांचे जुने फोटो फायबर कागदावरचेच. ऐन उन्हाळ्यात, कोरड्या हवेत ते घट्ट वळतात. पावसाळ्यात आपसूक सैल पडतात. पण त्याच ओलीत जिलेटिनवर बुरशी धरते, तेव्हा पावसावर विसंबण्यात अर्थ नाही.

सुरळी कोरडीच उलगडली किंवा टेबलाच्या कडेवरून उलटी ओढली, तर चित्रावर आडव्या भेगा पडतात. आधी ओल द्यावी लागते. झाकणाच्या डब्यात तळाशी भिजवलेला टिपकागद, त्याच्या वर जाळी आणि जाळीवर फोटो ठेवतात. पाणी फोटोला लागू द्यायचे नाही. काही तासांत कागद मऊ पडून आपणच उलगडू लागतो. बोटाला चिकटण्याइतका ओला होण्याआधी तो काढून, चित्रावर सिलिकॉनचा, न चिकटणारा कागद घालून, कोरड्या टिपकागदांमध्ये वजनाखाली ठेवतात. टिपकागद बदलत राहावे, पुरता सुकेपर्यंत. पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरचा शिकंजाही चालतो, मात्र जास्त आवळला तर टिपकागदाचा खरबरीतपणा चित्रावर उमटतो. ओलसर चित्रावर थेट काच ठेवणे सर्वांत वाईट: फोटो चिकटतो, नाहीतर चकाकणारे डाग पडतात.

नव्या प्रिंटसाठी ड्राय माउंट प्रेस, म्हणजे फोटो उष्णतेने पुठ्ठ्यावर चिकटवण्याचे दाबयंत्र, सोयीचा. सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबून फोटो लगेच जड, थंड पाट्याखाली सरकवायचा. गरम असताना मोकळा सोडला की तो पुन्हा वळतो, आणि घाईत नेमके हेच होते. घरची इस्त्री रद्दी प्रिंटपुरती ठीक. आजोबांच्या फोटोवर तिचा प्रयोग करू नये. हाताने रंगवलेले किंवा बुरशी लागलेले फोटो तर डब्यातही घालू नयेत. ओलीने रंग सुटतो आणि बुरशीला जोर येतो. ते काम जतनतज्ज्ञाचे.