प्रवाळ पांढरे पडले, तर दिवा वाढवू नये

एप्रिलच्या अखेरीस नाशिकचा पारा चाळिशीला टेकला, की घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या आम्हा मोजक्या मंडळींमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : प्रवाळ पांढरे पडले, आता टाकीवरच्या दिव्याचा उजेड वाढवू का? कुंडीतल्या झाडाला ऊन कमी पडले की ते फिकटते, या अनुभवावरून हा प्रश्न येतो. परंतु येथे तो उपाय नेमका उलटा पडतो आणि वाचू शकणारे प्रवाळही दगावते.

प्रवाळ हा प्राणी आहे. उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये मात्र एकपेशीय शैवाल वस्तीला असते, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास. प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यतः या शैवालाचा, आणि त्याच्या अन्नाचा मोठा वाटाही शैवालाने उजेडात तयार केलेल्या शर्करेचा असतो.

आता उष्णता वाढली की काय होते, ते पाहू. उजेड शोषून हरितद्रव्य इलेक्ट्रॉन मोकळे करते आणि पुढच्या टप्प्यात ते कार्बन डायॉक्साइडपासून शर्करा बनवण्याच्या कामी लागतात. पहिला टप्पा उष्णतेने फारसा मंदावत नाही. दुसरा टप्पा विकरांच्या भरवशावर चालतो आणि तो अडखळतो. गिरणीचे जाते मंदावलेले असताना वरून धान्य ओतत राहावे, तशी ही अवस्था. तुंबलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटतात, त्यातून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतील डी-१ नावाचे प्रथिन दुरुस्तीपेक्षा अधिक वेगाने मोडू लागते, आणि शैवालातून झिरपलेले पेरॉक्साइड प्रवाळाच्या स्वतःच्या पेशींना पोळते. मग प्रवाळ शैवालालाच बाहेर काढते. हे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे, आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली त्यामागेही हीच साखळी होती. मागे उरतो तो पारदर्शक, जिवंत, पण उपाशी प्राणी. दिवा वाढवणे म्हणजे त्याच गिरणीत आणखी धान्य ओतणे.

माझ्या साठ लिटरच्या टाकीत बोटांसारख्या फांद्यांचे लेदर कोरल, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ आहे. (कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती घरी आणूच नयेत.) एका मे महिन्यात दुपारी चार वाजता पाणी ३१ अंशांवर गेलेले दिसले आणि बोटांची टोके फिकट झाली होती. दिव्याची तीव्रता निम्मी केली, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला. काही आठवड्यांनी बोटांच्या बेचक्यांतून तपकिरी छटा परतू लागली. हेच कोरल एरवी अधूनमधून मिटते, त्यावर मेणासारखा पापुद्रा धरतो आणि तो चार-आठ दिवसांत गळून पडतो. तो आजार नव्हे, त्या वेळी काहीही करू नये.

टाकीतला जीव गेला की घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. या समजुतीने मनाला दिलासा मिळत असेल, पण थर्मामीटर पाहायचे राहून जाते आणि पुढचा जीवही तसाच जातो. माशांसाठीचे तांबेयुक्त औषध ओतणे तर त्याहून घातक, कारण तांबे प्रवाळाला विषारी असते.

पंख्याचे काम बाष्पीभवनाचे आहे. साठ लिटर पाणी एक अंशाने थंड करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढी जेमतेम १०० मिलिलिटर पाणी उडून जाताना घेऊन जाते. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हे विलक्षण चांगले साधते. दमट मुंबईत तितके नाही. मात्र उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. तीन लिटर भर न घालता उडू दिले, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार जवळपास ३७ ग्रॅमवर जातात. म्हणून रोजची भर आरओच्या बिनमिठाच्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. आणि गंगापूर धरणाचे नळाचे पाणी क्लोरिनयुक्त असल्याने तेही थेट ओतू नये.