बडोद्यातील वारसाफेरी

बडोद्याच्या जुन्या कोटातले शहर पायी पाहण्याची वाट. दोन रस्ते मधल्या मांडवी या मंडपापाशी काटकोनात छेदतात आणि त्यांच्या चार टोकांना चार दरवाजे आहेत : पूर्वेला पाणी दरवाजा, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी. एवढे ध्यानात ठेवले की नकाशा लागत नाही.

बहुतेक लोक लहेरीपुऱ्याकडून आत शिरतात. सकाळच्या फेरीला ते गैरसोयीचे, कारण ऊन थेट डोळ्यांवर येते आणि इमारती काळ्या दिसतात. पाणी दरवाजापासून पश्चिमेकडे निघावे. ऊन पाठीशी राहते, मांडवीची पूर्वेकडची बाजू उजळलेली मिळते. सातच्या सुमारास निघालेले बरे. दुकाने उघडली की महात्मा गांधी रस्त्यावर थांबून वर बघणे अशक्य होते. आणि बघायचे असते ते वरच. तळमजला पाट्यांनी झाकला गेला आहे. कोरीव लाकडी कंगण्या, गॅलऱ्या, खांब हे सगळे पहिल्या मजल्यापासून पुढे सुरू होते.

मांडवी हा चौकोनी मंडप, प्रत्येक बाजूला तीन कमानी. जवळच्या विठ्ठल मंदिरातून कार्तिकी एकादशीला वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो. त्या दिवशी फेरी ठेवू नये, वरघोडाच पाहावा. मध्यवर्ती ग्रंथालयही याच भागात आहे. तिसऱ्या सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी त्याची घडी बसवली. पुस्तकांच्या दालनातल्या जमिनी काचेच्या आहेत, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो.

लहेरीपुऱ्याबाहेर पडताच न्यायमंदिर (1896) आणि पुढे सूरसागर तलाव. न्यायमंदिर हे देऊळ नव्हे. 2018 पर्यंत इथे जिल्हा न्यायालय भरत असे.

तलावापलीकडे रावपुरा-दांडिया बाजार हा मराठी वस्तीचा जुना भाग. पोळ (गुजराती पद्धतीची गल्लीतली वस्ती) आणि वाडा यांतला फरक इथे उमगतो. पोळीतली घरे भिंतीला भिंत लावून गल्लीकडे तोंड करून बसतात, ओटल्यावर संसार चालतो. वाडा मात्र रस्त्याकडे पाठ फिरवून आतल्या चौकाभोवती उभा राहतो. संस्थानचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा चार मजली वाडा हा याचा उत्तम नमुना आणि सबंध फेरीचा कळस. आतल्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरल्या आहेत : कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठा लढाया. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून दिवसाच उघडा असतो. वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी, नाहीतर इतके चालून बंद दाराशी यावे लागते. जिने अरुंद आहेत, पाचसहा जणांहून मोठा गट एकदम वर नेऊ नये. भिंतीला हात किंवा पाठ टेकली की रंगाचे पोपडे सुटतात, आणि ती जागा पुन्हा भरून येत नाही.

एवढ्याला सावकाश चालून तीन तास लागतात. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर चालणे नकोसे होते. पावसाळ्यात सखल गल्ल्यांत पाणी साचते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

विश्वामित्री नदीजवळचे कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचे स्मारक, पायी जोडू नये, रिक्षाने जावे. तिथे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत : गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांचे नाटक) आणि महाभारतातले युद्ध. तांबेकर वाडा डोळ्यांत ताजा असतानाच, त्याच दिवशी ती पाहावीत.